जुन्या पुलाच्या जागी नवा पूल: आखणी आणि संकल्पन, टप्प्याटप्प्याने

नव्याने रुजू झालेल्या शाखा अभियंत्याच्या टेबलावर पुलाची फाइल येते, तेव्हा वरच्या कागदावर बहुधा एकच ओळ असते: ‘अस्तित्वातील पूल जीर्ण झाल्याने त्या ठिकाणी नवीन पुलाचे बांधकाम करणे.’ ही ओळ वाचली की पहिला मोह होतो तो जुन्या पुलाची मापं घेण्याचा. लांबी तेवढीच ठेवू, रुंदी वाढवू, उंची मीटरभर उचलू, झालं काम. हा मोह आवरा. जुना पूल ज्यांनी बांधला त्यांच्यापुढची नदी वेगळी होती, गाड्या वेगळ्या होत्या आणि वरच्या अंगाचं रानही वेगळं होतं. नव्या पुलाची मापं जुन्या पुलावरून ठरत नाहीत, ती आजच्या नदीवरून ठरतात. हा लेख पदविका किंवा पदवी हातात घेऊन पहिल्यांदाच पुलाच्या कामात पडलेल्यांसाठी आहे. आपल्या गावच्या पुलाचं नेमकं काय चाललंय हे समजून घ्यायचं असलेल्या सरपंच-ग्रामस्थांनाही तो वाचता यावा अशी खटपट केली आहे.

उदाहरण म्हणून महाडजवळचा सावित्रीवरचा पूल अधूनमधून घेतो. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ साली बांधलेला तो दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं प्रवाशांसह वाहून गेली. त्याच जागी सुमारे २३९ मीटर लांबीचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. आखणीतल्या बहुतेक गोष्टी या एका पुलावर दाखवता येतात.

पहिली पायरी: पूल खरंच बदलायचा आहे का?

सावित्रीचा पूल पडण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, मे २०१६ मध्ये, त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. यावरून पाहणी करणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण रस्त्यावर उभं राहून कठडे, कमानींच्या भेगा आणि दगडांमधले सांधे तपासले की पुलाचा वरचा भाग कळतो. पाण्याखालचा पाया कळत नाही, आणि नदीवरचे पूल बहुतेक वेळा खालूनच जातात.

म्हणून पाहणी दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. प्रत्येक खांबाशी नदीच्या तळाची पातळी घ्या आणि मूळ नकाशाशी ताडून बघा. मूळ नकाशा बहुधा मिळत नाही. विभागाच्या जुन्या दप्तरात, उपविभागाच्या पूल नोंदवहीत शोधा, तिथेही नाही मिळाला तर पायाशेजारी चाचणी-खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते बघा. वाळूउपशाने तळ खचलेला असेल तर पाया उघडा पडलेला दिसतो. काँक्रीटच्या पुलाला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर आणि सळईच्या गंजासाठी हाफ-सेल या चाचण्या लावतात. एकट्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यावर विसंबू नका, तो पृष्ठभागापलीकडचं फारसं सांगत नाही.

बेअरिंग (खांब आणि वरचं बांधकाम यांमधली टेकू-गादी) आणि गर्डरच्या, म्हणजे खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळयांच्या, टोकांचे सांधे शेवटी बघायचे म्हणून राहून जातात, कारण तिथे पोहोचायला मचाण लागतं. ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा दोन खांबांमधला भाग खाली आला. तो पूल १९८५ चा होता, म्हणजे चाळिशीचा. पुलाचं वय बघून निर्धास्त होता येत नाही.

या टप्प्यावर निर्णय तीनांपैकी एक असतो: दुरुस्ती, वजनाची मर्यादा घालून काही वर्षं काढणं, किंवा नवा पूल. गोव्यात झुआरीवरच्या १९८३ च्या पुलावर अवजड वाहनांना बरीच वर्षं बंदी होती, शेजारचा केबलचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा ती कोंडी सुटली. बंदीचा फलक लावणं म्हणजे वेळ विकत घेणं आहे. तो वेळ पुढच्या पायऱ्यांवर खर्च केला नाही तर फलक गंजतो आणि पूलही.

दुसरी पायरी: नदीकाठी फिरा

संगणकावर काही उघडण्याआधी पुलाच्या वर आणि खाली किमान एकेक किलोमीटर पायी फिरा. एप्रिल-मे सगळ्यात बरा, तळ दिसतो. काय बघायचं? नदी कोणत्या काठाला खाते आहे, कुठे बेट तयार झालंय, वर बंधारा किंवा धरण आहे का, खाली दुसऱ्या नदीचा संगम आहे का. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते. घाटात पडलेलं पाणी काही तासांत खाली उतरतं आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पुढे जायला वाट मिळत नाही. अशा ठिकाणी पुलाखालची पातळी फक्त वरून आलेल्या पाण्यावर ठरत नाही, खालून अडलेल्या पाण्यावरही ठरते. हे नकाशावर दिसत नाही, महाडच्या बाजारपेठेतला दुकानदार मात्र तोंडपाठ सांगतो.

पुराच्या खुणा गोळा करणं हे या टप्प्यातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. “मोठा पूर कधी आला होता?” असं विचारलं तर उत्तर मिळतं, “लई मोठा होता साहेब.” त्याचा उपयोग नाही. विचारायचं असं: “आजी, त्या वर्षी पाणी देवळाच्या कितव्या पायरीला होतं? तुमच्या ओट्यावर आलं होतं का? चुलीपर्यंत?” मग पायरी दाखवायला सांगा, तिथे रंगाने खूण करा आणि ऑटो लेव्हलने तिची पातळी लगेच घ्या. निदान पाच-सहा ठिकाणच्या खुणा घ्या, दोन्ही काठांच्या, वेगवेगळ्या माणसांनी दाखवलेल्या. चार खुणा एका उतारावर बसतात आणि एक दीड मीटर वर जाते असं झालं, तर ती सोडून देण्याआधी एकदा परत जा. कधी त्या घराच्या मागे ओढा असतो आणि पाणी नदीचं नसून ओढ्याचं असतं. कधी तीच एक खूण खरी असते.

जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही मागवा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या सगळ्या नद्यांवर आखलेल्या नाहीत, पण असतील तर तुमच्या खुणांशी ताडून बघा.

तिसरी पायरी: पाण्याचा हिशेब

इथे जरा रेंगाळू, कारण पुलाची लांबी, उंची आणि पायाची खोली या तिन्हींचं मूळ इथे आहे.

समजा घाटमाथ्याखालच्या एका नदीवर पूल आहे आणि तिथपर्यंतचं पाणलोट क्षेत्र ३०० चौरस किलोमीटर आहे. पुराचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी येईल ते, काढायला सह्याद्रीतल्या नद्यांसाठी आपल्याकडे इंग्लिस यांचं सूत्र वापरतात. खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच हे क्लॉड इंग्लिस. सूत्र सोपं आहे: क्षेत्राला १२४ ने गुणा, आणि क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळाने भागा. ३०० गुणिले १२४ म्हणजे ३७,२००. त्याला ३१०.४ च्या वर्गमुळाने, म्हणजे १७.६२ ने भागलं की सुमारे २,१११ घनमीटर प्रति सेकंद. वर्तमानपत्रांच्या भाषेत पाऊण लाख क्युसेक.

एका सूत्रावर थांबू नका. काठावर घेतलेल्या पूरखुणांवरून नदीचा काटछेद (पात्राचा आडवा छेद) आणि उतार मिळतो, त्यावर मॅनिंगच्या सूत्राने वेग काढून दुसरा विसर्ग काढा. वर धरण असेल तर सांडव्याची क्षमता तिसरा आकडा देते. जवळ सरिता मापन केंद्र, म्हणजे नदीचं पाणी रोज मोजणारं ठाणं, असेल तर त्याच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर काढता येतो आणि तो आकडा बाकीच्यांपेक्षा भरवशाचा. लहान पुलांसाठीच्या आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी:१३ या पुस्तिकेत एक व्यवहारी नियम आहे: आलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा घ्या, पण तो दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपटीहून जास्त असेल तर दीडपटीवर थांबा. मोठ्या पुलाला इतकं ढोबळ चालत नाही, तिथे पाणलोटाचा रीतसर अभ्यास करावा लागतो आणि नदी अवघड असेल तर खडकवासल्याच्या केंद्रात नदीचं छोटं प्रतिमान (मॉडेल) करून घेतात.

आता पुलाखाली पाण्याला किती रुंदी द्यायची? गाळाच्या, तळ हलणाऱ्या नदीसाठी लेसीचं सूत्र आहे: विसर्गाच्या वर्गमुळाला ४.८ ने गुणा. आपल्या उदाहरणात साधारण २२० मीटर. पण सह्याद्रीच्या पायथ्याची नदी खडकाळ काठांमध्ये बांधलेली असते, ती २२० मीटर पसरत नाही. तिथे काठ ते काठ जी रुंदी आहे ती द्या, लेसीच्या हट्टापायी शेतात पूल लांबवू नका. उलट, पैसे वाचवायला काठावर भराव पुढे ढकलून पूल आखूड करण्याची सूचना कुणीतरी वरिष्ठ हमखास करतो. त्यांना पुढचा हिशेब दाखवा.

चौथी पायरी: तळ किती खरवडला जाईल

पुरात नदीचा तळ जागेवर राहत नाही. खांबाला आपटून पाणी खाली वळतं आणि पायाशी खड्डा पाडतं. यालाच स्कोअर म्हणतात. पूर ओसरताना गाळ परत भरतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तळ बघून ऑगस्टमधला खड्डा कळत नाही.

आयआरसी:७८ प्रमाणे पायासाठी विसर्ग आणखी वाढवून घेतात. ३,००० चौरस किलोमीटरपर्यंतच्या पाणलोटाला ३० टक्के, त्याहून मोठ्या पाणलोटाला क्रमाने कमी. आपले २,१११ झाले साधारण २,७४४. काठ ते काठ १६० मीटर आहे आणि खांब वजा जाता पाण्याला १५० मीटर मिळतात असं धरू. मग दर मीटर रुंदीतून १८.३ घनमीटर पाणी जातं. जाड वाळूचा तळ धरून, म्हणजे गाळाचा गुणांक १.५ घेऊन, सरासरी स्कोअर येतो पुराच्या पातळीखाली सुमारे ८.१ मीटर. खांबाशी त्याची दुप्पट धरायची: १६.३ मीटर. पुराचं पाणी तळापासून १० मीटर चढत असेल, तर खांबाशी तळाखाली सव्वासहा मीटरचा खड्डा.

आता याच नदीवर जुना कमानीचा पूल ठेवून बघा. जाड दगडी खांब आणि पुढे आलेले अबटमेंट (पुलाच्या दोन्ही टोकांचे काठावरचे आधार) यांनी ४० मीटर खाल्ले, पाण्याला उरले १२०. तोच हिशेब पुन्हा केला की खांबाशी स्कोअर १८.९ मीटर येतो, म्हणजे तळाखाली जवळजवळ नऊ मीटर. रुंदी पाचव्या हिश्श्याने घटली आणि खड्डा अडीच मीटरने वाढला. त्यात वाळूउपशाने तळ आधीच दोन मीटर खाली गेला असेल तर त्या जुन्या पायाखाली काय उरलं असेल ते वेगळं सांगायला नको. वर बघाल तर कमान शाबूत, रस्ता गुळगुळीत.

ज्यांना पूल आखूड करायचा आहे त्यांच्यापुढे हे दोन आकडे ठेवा. वरचा वाचलेला खर्च पायात परत द्यावा लागतो, आणि नाही दिला तर नदी वसूल करते.

पाचवी पायरी: बोअर

खड्डा सव्वासहा मीटर येतो, पण चार मीटरवर चांगला खडक लागला तर चित्रच बदलतं. पाया खडकात रुजवा, कठीण खडकात किमान ०.६ मीटर आणि मऊ खडकात १.५ मीटर. खडक खोल असेल तर पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) किंवा विहिरीचा पाया (विहिरीसारखी गोल भिंत तळात उतरवून केलेला).

पण खडक आहे हे ठरवायचं कसं? दख्खनचा कातळ एकसंध नाही, तो थरांचा आहे. काळ्या कठीण बेसॉल्टखाली तांबड्या मातीसारखा मऊ थर निघतो आणि त्याच्याखाली पुन्हा कातळ. नदीपात्रात तर गाडलेला मोठा गोटा खडक म्हणून खपून जातो. म्हणून प्रत्येक खांबाच्या आणि अबटमेंटच्या जागी एक बोअर घ्या आणि खडक लागल्यावरही काही मीटर खाली जा. तीन खांबांआड एक बोअर घेऊन मधल्या जागा रेघ ओढून भरायच्या, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

बोअर चालू असताना तिथे हजर राहा. कोअरची लाकडी पेटी उघडून समोर ठेवा: खोलीच्या क्रमाने आडव्या कप्प्यांत दंडगोल तुकडे मांडलेले असतात, मधे-मधे खोली लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. दीड मीटरच्या फेरीत लांब, सलग, ओलं केल्यावर काळेभोर दिसणारे तुकडे असतील तर खडक चांगला. दहा सेंटीमीटरहून लांब तुकड्यांची एकूण लांबी मोजा, ती फेरीच्या लांबीच्या किती टक्के येते तेच आरक्यूडी. बोटाएवढे तुकडे, खपल्या आणि मधे रिकामा कप्पा असेल, तर तो रिकामा कप्पाच सगळ्यात महत्त्वाचा. तिथला माल पाण्याबरोबर निघून गेला, म्हणजे तिथे मऊ थर होता. ड्रिलरला विचारा की पाणी परत येत होतं का आणि त्याचा रंग कधी बदलला. पेटीचा फोटो बोअर क्रमांकासह काढा. अहवालात सगळे बोअर एकाच खोलीवर ‘कठीण खडक’ दाखवत असतील तर शंका घ्या, निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.

सहावी पायरी: नवा पूल नेमका कुठे?

पर्याय तीन: त्याच जागी, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला.

त्याच जागी बांधलं की भूसंपादन वाचतं आणि पोचरस्ते तयार असतात, पण बांधकामाच्या काळात वाहतूक कुठून न्यायची हा प्रश्न उरतो. सावित्रीला हा प्रश्न नव्हता, कारण जुन्या पुलाला समांतर नंतरच्या काळातला एक पूल होता आणि वाहतूक त्यावरून चालू राहिली. १६५ दिवसांचं कौतुक करताना ही गोष्ट विसरली जाते. जागा ताब्यात होती, वाहतूक दुसरीकडून चालू होती, आणि काम पावसाळे टाळून मधल्या कोरड्या महिन्यांत बसवलं गेलं. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर तेवढे दिवस कुणाला कबूल करू नका.

शेजारी बांधायचं तर शक्यतो नवे खांब जुन्या खांबांच्या रेषेत ठेवा, नाहीतर भोवरे तयार होऊन दोन्ही पुलांचे पाये धोक्यात येतात. जुना पूल काही वर्षं राहणार असेल तर माझं मत वरच्या अंगाच्या बाजूने पडतं: तो कोसळलाच तर त्याचा राडारोडा नव्या पुलावर येऊन आदळत नाही. अर्थात, वरच्या अंगाला नदीचं वळण असेल तर हा मुद्दा बाजूला पडतो. पूल शक्यतो नदीच्या सरळ भागात आणि प्रवाहाला काटकोनात हवा. रस्ता सरळ ठेवण्यासाठी पूल तिरका करण्यापेक्षा पोचरस्त्याला सौम्य वळण देणं बरं. पूल तिरका ठेवावाच लागला, तर निदान खांब प्रवाहाच्या दिशेत फिरवा.

सातवी पायरी: उंची आणि गाळे

पुराची पातळी ठरली, खांबांमुळे पाणी थोडं तुंबतं तो फुगवटा त्यात मिळवला, की गर्डरच्या तळापर्यंत मोकळी जागा सोडायची. आयआरसी:५ प्रमाणे ३०० ते ३,००० घनमीटर प्रति सेकंद विसर्गाला १.२ मीटर, त्याहून जास्त विसर्गाला १.५ मीटर. ही जागा पाण्यासाठी नसते, मुळासकट येणाऱ्या झाडांसाठी असते. वरच्या अंगाला जंगल असेल तर किमान आकड्यावर समाधान मानू नका. खाडीत होड्यांची ये-जा असेल तर जलवाहतुकीची उंची वेगळी, ती आधी विचारून घ्या.

एका गाळ्याची, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाची, लांबी ठरवताना जुना ठोकताळा आजही चालतो: एका गाळ्याच्या वरच्या बांधकामाचा खर्च आणि एका खांबाचा पायासकट खर्च जवळपास सारखे आले की गाळा किफायतशीर. पाया वरच खडकात असेल तर खांब स्वस्त पडतात आणि छोटे गाळे परवडतात. पाया खोल असेल तर गाळे मोठे करा. ढोबळमानाने १० मीटरपर्यंत सरळ स्लॅब, २५ पर्यंत आरसीसी टी-गर्डर, ४० पर्यंत प्रीस्ट्रेस (आतल्या पोलादी तारा ताणून आवळलेले) गर्डर, त्यापुढे बॉक्स किंवा पोलादी गर्डर. घाटातून येणाऱ्या नदीवर मी खांब कमी करण्याकडे झुकेन, कारण प्रत्येक खांब म्हणजे ओंडके अडकायला एक जागा.

रुंदी आजच्या रहदारीवर ठरवू नका. दोन पदरी पुलाला दोन्ही कडांच्या कर्बच्या (उंचवट्याच्या) मधे ७.५ मीटर लागतात, त्याशिवाय पदपथ. गावाजवळच्या पुलाला दोन्ही बाजूंना निदान दीड मीटरचा पदपथ द्याच. शाळेची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका आणि बैलगाडी यांची नोंद वाहतूक गणनेत नीट होत नाही, पण ती सगळी रोज त्या पुलावर असतात. हे सगळं एका कागदावर आलं की झालं जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे पुलाचा मूळ आराखडा. त्याला मान्यता मिळेपर्यंत पुढचं संकल्पन सुरू करू नका.

परवानग्या: आठवी पायरी नव्हे, पहिल्या दिवसापासूनचं काम

जलसंपदा विभागाचं ना-हरकत, वनजमीन असेल तर वनविभाग, कोकणात खाडीलगत सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) मंजुरी, आणि खारफुटी तोडावी लागणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी. महावितरणचे खांब, पाणीपुरवठ्याची वाहिनी, ऑप्टिकल फायबर यांची यादी मोजणीच्या वेळीच करा. जुन्या पुलाच्या कठड्याला लटकलेली गावाची पाण्याची पाइप नव्या नकाशात कुठेच नसते. भूसंपादन पोचरस्त्याचं असतं आणि तेच अडतं. नदीत पूल उभा आणि दोन्ही टोकांना शेत, असे पूल महाराष्ट्रात तुम्हीही बघितले असतील.

तपशीलवार संकल्पन

हे काम बहुधा सल्लागार करतो आणि ते तपासायला दुसरी संस्था असते. तुम्हाला प्रत्येक आकडेमोड करायची नसली तरी काय विचारायचं ते माहीत हवं. भार आयआरसी:६ प्रमाणे: १०० टनांची ७०आर चाकी गाडी, ७० टनांची साखळीपट्ट्यांची, आणि क्लास-ए गाड्यांची रांग, यांतलं जे जाचक ठरेल ते. त्यावर ब्रेकचा जोर, वारा, तापमान, भूकंप आणि पाण्याचा दाब. पाणी गर्डरवरून गेलं तर काय, हा प्रश्न जरूर विचारा.

काँक्रीटचं संकल्पन आयआरसी:११२ प्रमाणे शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी. इथे खाऱ्या हवेचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तेव्हा तो पुरता वीस वर्षांचाही नव्हता, प्रीस्ट्रेसच्या पोलादाला गंजाने खाल्लं होतं. किनाऱ्यालगत सळईवर ५० मिलिमीटरचं आवरण, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. नकाशावर आवरण लिहिणं सोपं, ते साइटवर टिकतं सळईखाली ठेवलेल्या कव्हर ब्लॉकमुळे. त्यांच्याऐवजी खडी सरकवलेली दिसली तर काम थांबवा.

आणखी तीन गोष्टी नकाशात शोधा. बेअरिंग बदलायला जॅक ठेवण्यापुरती जागा खांबाच्या टोपीवर आहे का. पावसाचं पाणी डेकवरून (गाड्या चालतात त्या वरच्या स्लॅबवरून) पाइपने गर्डरपासून दूर नेलंय का, की ते गर्डरवरच ओघळणार. आणि अबटमेंटमागे ॲप्रोच स्लॅब (रस्ता आणि पूल यांना जोडणारा स्लॅब) किमान साडेतीन मीटर आहे का, भरावात पाणी झिरपून जायला वाट ठेवलीय का. पुलावर चढताना जो दणका बसतो तो या शेवटच्या गोष्टीतल्या हयगयीचा.

कामाचं वेळापत्रक पावसावर लावा

नदीतलं काम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. कार्यादेश मार्चमध्ये निघाला तर पहिला हंगाम जवळपास वाया गेला असं समजा. पहिल्या हंगामात पाये आणि पुराच्या पातळीच्या वर खांब, पावसाळ्यात काठावर गर्डर ओतून ठेवणं, दुसऱ्या हंगामात ते चढवून डेक स्लॅब. अर्धवट पाया पावसाळ्यात उघडा ठेवू नका.

पर्यायी रस्ता म्हणून नदीत ह्यूम पाइप टाकून भराव घालतात. तो पहिल्या मोठ्या सरीत जाणार हे धरूनच चाला: तोपर्यंत लांबचा मार्ग जाहीर करून ठेवा, एसटी आगाराला आणि शाळांना कळवा, रुग्णवाहिकेचा रस्ता आधी ठरवा. आणि मेअखेरीस तो भराव स्वतःहून काढा. राहिला तर पाणी नव्या खांबांवर तिरकं येतं.

जुना पूल आणि नवी नोंदवही

जुना पूल ठेवायचा की पाडायचा हे अंदाजपत्रकातच लिहा, नाहीतर पाडण्याला पैसे उरत नाहीत. नुसता फलक लावून सोडलेल्या पुलावर माणसं जातातच. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. पाडायचा असेल तर खांब तळापर्यंत काढा आणि राडारोडा पात्राबाहेर न्या. अर्धा खांब पाण्याखाली सोडला तर स्कोअरचा तुमचा सगळा हिशेब चुकतो. ठेवायचा असेल, तर दोन्ही टोकांना गाडी जाणार नाही असे अडथळे बांधा आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कुणाची ते लेखी घ्या.

पूल खुला करण्याआधी निवडक गाळ्यावर भारचाचणी घेतात: ठरलेलं वजन चढवून चोवीस तास ठेवायचं, गर्डर किती वाकला ते मोजायचं, आणि वजन काढल्यावर किती परत आला तेही. त्या दिवशीची कागदपत्रं, प्रत्यक्ष बांधलेल्या पायांच्या पातळ्या, बोअरपेट्यांचे फोटो आणि नदीचे काटछेद एका फाइलमध्ये बांधून उपविभागाच्या पूल नोंदवहीला जोडा. मग पहिला पावसाळा संपला की प्रत्येक खांबाशी तळाची पातळी पुन्हा घ्या आणि त्याच वहीत, त्याच रकान्यात, तारखेसह लिहा.